लघुलेखन शिकणाऱ्या छात्राध्यापकांनी या चुका टाळाव्यात

पाठ टाचणे, सराव पाठ आणि आंतरवासिता यांतून वेळ काढून सोलापुरात संध्याकाळी लघुलेखनाच्या (शॉर्टहँडच्या) वर्गाला येणारे डी.एल.एड. आणि बी.एड.चे विद्यार्थी कष्टाळू असतात, यात शंका नाही. मात्र प्रत्येक नवी तुकडी आधीच्या तुकडीच्याच चुका घेऊन येते.

सर्वांत महागात पडणारी चूक बॉलपेनची आहे. लघुलेखनाच्या पिटमन पद्धतीत प्रत्येक ध्वनीसाठी रेखा काढतात; त्यात 'क' आणि 'ग' यांच्या रेखांची दिशा व लांबी एकच असते. 'क' पातळ, 'ग' जाड, एवढाच काय तो फरक. 'प' आणि 'ब' यांचेही तसेच. बॉलपेनने हा जाड-पातळपणा नीट उमटत नाही. एका छात्राध्यापिकेने पाठनिरीक्षणानंतर मार्गदर्शकांनी केलेल्या सूचना लघुलिपीत उतरवून घेतल्या आणि चार दिवसांनी सर्वांसमोर वाचल्या, तेव्हा 'मुलांचे गट आधीच ठरवून ठेवावेत' याचे 'मुलांचे कट आधीच ठरवून ठेवावेत' असे झाले. वर्ग हसला; परंतु हीच चूक परीक्षेच्या लिप्यंतरात, म्हणजे लघुलिपीतला मजकूर नेहमीच्या लिपीत उतरवताना, झाली तर गुण जातात. माझ्या वर्गात पेन्सिलच चालते, तीही मऊ शिशाची, आणि टोक काढलेल्या दोन पेन्सिली हाताशी असल्याशिवाय मी श्रुतलेखन सुरू करीत नाही.

वरच्या प्रसंगातले 'चार दिवसांनी' हे शब्दही पुन्हा वाचावेत. वेगात लिहिताना बहुतेक स्वरचिन्हे गाळलेली असतात आणि ती जागा स्मरणाने भरायची असते. म्हणून लिप्यंतर त्याच दिवशी झाले पाहिजे. 'रविवारी सगळे एकदम लिहून काढतो' असे म्हणणाऱ्यांचे रविवार मी पाहिलेले आहेत.

दुसरी अडचण खास अध्यापक विद्यालयातली. शुद्धलेखनाचे संस्कार पक्के असल्याने हे विद्यार्थी रेखा काढतानाच ऱ्हस्व-दीर्घाचा विचार करीत थांबतात. लघुलेखन कानाने करायचे असते. शुद्धलेखन लिप्यंतराच्या वेळी तपासावे. ज्यांच्या घरी तेलुगू किंवा कन्नड बोलली जाते, त्यांनी मराठी उतारे मोठ्याने वाचण्याचा सराव ठेवावा, म्हणजे सांगणाऱ्याचा उच्चार कानाला परका वाटत नाही.

शब्दचिन्हे, म्हणजे नेहमी लागणाऱ्या शब्दांच्या ठरावीक छोट्या खुणा, परीक्षेच्या तोंडावर पाठ करू नयेत. वही सतत बदलू नये.

वेगाची घाई हा मात्र निव्वळ उतावळेपणा आहे. मिनिटाला 60 शब्द स्वच्छ वाचता येत नसताना मोबाइलवरील ध्वनिफीत वाढीव वेगाने लावून 100 च्या मागे धावणाऱ्यांच्या वहीत रेखा राहत नाहीत, ओरखडे राहतात. नेमके अंतर ठाऊक असावे, म्हणून सांगतो: राज्य शासनाच्या सेवेत लघुटंकलेखकाला 80, निम्नश्रेणी लघुलेखकाला 100 आणि उच्चश्रेणी लघुलेखकाला 120 शब्दांचा वेग लागतो, शिवाय टंकलेखनाचे प्रमाणपत्रही लागते. शिक्षक भरतीची वाट पाहणाऱ्या पदविकाधारकासाठी हा दुसरा रस्ता खरोखर उपयोगी आहे. परंतु सुट्टीतल्या दोन महिन्यांत तो पुरा होईल, असे सांगणाऱ्या जाहिरातींवर विश्वास ठेवू नये. मी स्वतः 60 चा उतारा एकही रेखा न अडखळता वाचून दाखविल्याखेरीज कोणालाही 80 चा उतारा देत नाही, मग पालक कितीही वेळा विचारायला येवोत.