ऑस्ट्रेलियातल्या राज्य निवडणुकीची मतमोजणी बघताय? या चुका टाळा

सिडनी-मेलबर्नमध्ये संध्याकाळी सहाला मतदान संपतं, तेव्हा उन्हाळी वेळ चालू असेल तर नाशकात दुपारचे साडेबारा झालेले असतात. पेट्या त्याच केंद्रावर, त्याच संध्याकाळी उघडतात. तासा-दीड तासात बाबांचा फोन ठरलेला: "काय गं, कोण आघाडीवर?" मी त्यांना दर वेळी आधी हेच सांगते की बाबा, आपल्या विधानसभेची मोजणी डोक्यातून काढा आणि पदवीधर मतदारसंघाची आठवा.

कारण सगळ्यात मोठा गोंधळ तिथेच होतो. पहिल्या पसंतीची मतं, म्हणजे इथल्या बोलीत प्रायमरी व्होट, बघून लोक निकाल लावून मोकळे होतात. पण इथे कनिष्ठ सभागृहाच्या बहुतेक निवडणुकांत कुणालाच निम्म्याहून जास्त मतं नसतील, तर तळाचा उमेदवार बाद होतो आणि त्याच्या मतपत्रिका पुढच्या पसंतीप्रमाणे वाटल्या जातात. 2017 साली क्वीन्सलँडच्या मायवार मतदारसंघात लिबरल नॅशनल पक्षाचे स्कॉट इमर्सन पहिल्या पसंतीत बरेच पुढे होते. जागा मात्र ग्रीन्स पक्षाच्या मायकल बर्कमन यांनी जिंकली. म्हणून नजर ठेवायची ती 'टू-कँडिडेट प्रेफर्ड' या आकड्यावर, म्हणजे शेवटच्या दोघांत मतं कशी विभागली जातात त्यावर.

हा आकडा मध्येच पडद्यावरून गायब झाला तर घाबरू नका. साइट बिघडलेली नसते. शेवटचे दोघे कोण असतील याचा अंदाज निवडणूक आयोग आधीच बांधून ठेवतो. केंद्रावरचे कर्मचारी टेबलावर बाकीच्या उमेदवारांचे गठ्ठे सोडतात, एकेक मतपत्रिका बघतात आणि त्या दोघांपैकी ज्याचा क्रमांक वर आहे त्याच्या बाजूला ठेवतात. पक्षांचे प्रतिनिधी शेजारी उभे राहून प्रत्येक कागद डोळ्यांखालून घालतात, पण त्याला हात लावायची त्यांना परवानगी नसते. प्रत्यक्षात भलताच उमेदवार दुसरा आला, की ही सगळी वाटणी नव्या जोडीसाठी पुन्हा करावी लागते. अशा जागेवर त्या रात्री कुणी छातीठोकपणे बोलत असेल तर त्याचं ऐकू नका.

दुसरी चूक म्हणजे मतदानाच्या, म्हणजे शनिवारच्या रात्रीला निकाल समजणं. सुरुवातीला छोट्या केंद्रांची मतं येतात. मुदतीआधी मतदान केलेल्यांच्या, म्हणजे प्री-पोलच्या केंद्रांवर हजारो मतपत्रिका असतात, त्यामुळे त्यांना उशीर होतो. टपाली मतं तर पुढचे कित्येक दिवस येत राहतात. विक्टोरियात ती पुढच्या शुक्रवारी संध्याकाळपर्यंत स्वीकारतात, न्यू साउथ वेल्समध्ये त्याहूनही जास्त दिवस. आणि या मतांचा कल केंद्रावर जाऊन दिलेल्या मतांसारखाच असेल असं नाही. मार्च 2025 मध्ये वेस्टर्न ऑस्ट्रेलियाच्या फ्रीमँटलमध्ये रात्री अपक्ष केट ह्यूलेट पुढे होत्या. मोजणी पूर्ण झाली तेव्हा लेबर पक्षाच्या सिमोन मॅकगर्क 424 मतांनी निवडून आल्या होत्या. रात्री ज्यांनी अभिनंदनाचे मेसेज फिरवले, त्यांना ते मागे घ्यावे लागले असणार.

बहुमताचा आकडाही त्याच रात्री पक्का धरू नका. 2023 साली न्यू साउथ वेल्समध्ये लेबरचं सरकार येणार हे लवकर कळलं, पण 93 पैकी 45 जागांवर गाडी थांबली. बहुमताला दोन कमी! राइडची जागा फेरमोजणीनंतर लिबरलने अवघ्या 54 मतांनी राखली.

एका राज्याचा नियम दुसऱ्याला लावणं ही जुन्या जाणकारांचीही चूक. विक्टोरियात कनिष्ठ सभागृहासाठी सगळ्या चौकोनांत क्रमांक घालावेच लागतात. न्यू साउथ वेल्समध्ये नुसता 1 घातला तरी मत वैध. मात्र तो उमेदवार बाद झाला की ती मतपत्रिका पुढे कुणाकडेच जात नाही, मोजणीतून बाहेर पडते. म्हणून तिथे मागे असलेल्याला पसंतीच्या मतांवर भरपाई करणं जास्त जड जातं. टास्मानियाची पद्धत तर पूर्ण वेगळी, एकेका मतदारसंघातून सात-सात आमदार.

'मोजणी 85 टक्के' असं दिसलं की पंधरा टक्के बाकी आहेत असं धरू नका. ही टक्केवारी बहुधा नोंदणीकृत मतदारांवर काढलेली असते. मतदान सक्तीचं असलं तरी सगळे येत नाहीत, त्यामुळे ती शंभरापर्यंत जात नाही. आणि आयोगाचे आकडे व एबीसी या इथल्या सरकारी वाहिनीचा अंदाज जुळले नाहीत तर कुणीतरी खोटं बोलतंय असंही नाही. आयोग फक्त मोजलेली मतं दाखवतो. एबीसी त्याच केंद्राच्या मागच्या निवडणुकीशी तुलना करून पुढचा अंदाज बांधते. ही रीत तिथले निवडणूक विश्लेषक अँटनी ग्रीन यांनी तीन दशकांहून जास्त काळ पडद्यावर समजावून सांगितली. मी दोन्ही खिडक्या उघड्या ठेवते, भरवसा मात्र आयोगाच्या आकड्यावर.

वरिष्ठ सभागृहाकडे त्या रात्री बघूच नका. न्यू साउथ वेल्समध्ये एका वेळी 21 जागा असतात आणि कोटा, म्हणजे एका जागेसाठी लागणारी मतं, साडेचार टक्क्यांच्या आसपास. सगळ्या मतपत्रिकांच्या पसंती संगणकात भरून झाल्यावरच शेवटचं बटण दाबलं जातं. बाबांना मी त्यासाठी तीन-चार आठवड्यांनी फोन करायला सांगते.