सी६०च्या पिंजऱ्यात कार्बन डायऑक्साइड: गणित कसं लावायचं

सी६० म्हणजे साठ कार्बन अणूंचा पोकळ, चेंडूसारखा रेणू. त्यात कोंडलेला कार्बन डायऑक्साइड सक्रिय होतो का, म्हणजे रासायनिक क्रियेला तयार होतो का, हे संगणकावर तपासायचं आहे. आधी कागदावर मोजा. सी६०ची त्रिज्या ३.५५ अँगस्ट्रॉम. कार्बन डायऑक्साइडचा कार्बन मधोमध ठेवला तर ऑक्सिजन केंद्रापासून १.१६ वर, म्हणजे भिंत जेमतेम २.३९ वर उरते. एरवी बंध नसलेल्या कार्बन-ऑक्सिजनमध्ये ३.२ तरी लागतं. जागा इतकी तंग, म्हणून तुलनेला सी७० आणि सी८० हे मोठे पिंजरे घ्याच.

सुरुवातीला रेणू अगदी सरळ, सममितीच्या अक्षावर ठेवू नका. बलं एकमेकांना खोडतात आणि तो तिथंच अडकून बसतो. कोन १७५ अंश करा, अक्षापासून तिरपा ठेवा, चार-पाच दिशांनी सुरुवात करा. रचना स्थिर करायची पहिली फेरी एक्सटीबी या झटपट गणिताच्या प्रणालीवर, तिच्या जीएफएन२ पद्धतीनं. शेवटी कंपनसंख्या काढा. एखादी काल्पनिक (ऋण आकड्यात दिसणारी) आली तर तो ऊर्जेचा तळ नव्हे, रेणू त्या दिशेनं ढकलून पुन्हा लावा.

मग ओर्का ही जास्त अचूक गणिताची प्रणाली: पद्धत पीबीई०, रेणूंमधल्या क्षीण आकर्षणासाठी डी४ दुरुस्ती, आणि डेफ२-एसव्हीपी हा आधारसंच, म्हणजे इलेक्ट्रॉनांचं वर्णन करणाऱ्या गणिती फलनांचा संच. ६३ अणूंची ८८२ आधारफलनं होतात; टीझेडव्हीपी या मोठ्या संचात १९५३, म्हणून तो फक्त शेवटच्या ऊर्जेपुरता. १६ जीबी रॅम आणि चार कोर असतील तर मॅक्सकोर (दर कोरला द्यायची मेमरी, एमबीमध्ये) ३०००च्या वर नेऊ नका.

मे महिन्यात चंद्रपूर-वर्ध्याकडे पारा ४५च्या पुढं जातो, तेव्हा प्रोसेसर तापून आपसूक मंदावतो. मोठं काम रात्रीच लावा. संगणकाचा डबा पाण्याच्या कूलरसमोर नको, ती हवा ओली असते. लाईन गेली की साध्या मोडवरचा इन्व्हर्टर संगणक रीस्टार्ट करू शकतो. त्याचं बटण यूपीएस मोडवर ठेवा. ओर्काची जीबीडब्ल्यू फाईल (तिच्यात इलेक्ट्रॉनांच्या कक्षकांची माहिती असते) आणि शेवटची रचना जपली तर तिथूनच पुढं चालवता येतं.

बंधनऊर्जा, म्हणजे रेणू पिंजऱ्याला किती धरून आहे ते, काढताना काउंटरपॉइज दुरुस्ती सोडू नका. एसव्हीपीत कोंडलेला रेणू पिंजऱ्याची फलनं उसनी घेतो आणि बंध उगाच घट्ट दिसतो. हार्ट्री या ऊर्जेच्या एककातल्या उत्तराला ६२७.५ नं गुणा की किलोकॅलरी प्रति मोल.

आता खरी मेख. कोंडला म्हणजे सक्रिय झाला असं नाही. दाबानं बंध उलट आखूडही होतो. सक्रिय रेणू वाकतो, बंध लांबतो आणि त्याच्यावर ऋण प्रभार येतो. कार्बन डायऑक्साइडचा सुटा ऋण आयन साधारण १३५ अंशांवर असतो. पण अख्ख्या प्रणालीला −१ प्रभार आणि मल्टिप्लिसिटी २ (एक एकटा इलेक्ट्रॉन) देऊन भागत नाही. सी६०ची इलेक्ट्रॉन आसक्ती (इलेक्ट्रॉन धरून ठेवायची ओढ) २.६८ इलेक्ट्रॉनव्होल्ट, कार्बन डायऑक्साइडची ऋण, सुमारे −०.६, इलेक्ट्रॉन भिंतीवरच राहतो आणि आतला सरळ तो सरळच. म्हणून स्पिन घनता, म्हणजे एकटा इलेक्ट्रॉन कुठं आहे ते, बघा, अणूंवरचा प्रभार मोजायला मुलिकेनऐवजी हिर्शफेल्ड पद्धत वापरा. तरीही कोन १८०च्या जवळच दिसला तर पिंजरा मोठा घ्या आणि आत इलेक्ट्रॉन देणारा धातूचा अणू कार्बन डायऑक्साइडला लागून ठेवून पाहा.