गाडी रोज लेट येते? ब्रिटनमध्ये कोणाला, कधी आणि कसं सांगायचं

ब्रिटनमध्ये नवीन आलेली आपली मंडळी रेल्वेच्या बाबतीत दोनपैकी एक गोष्ट करतात. स्टेशनवर दिसेल त्या कर्मचाऱ्याशी हुज्जत घालतात, नाहीतर सोशल मीडियावर राग काढून गप्प बसतात. दोन्हींनी गाडीला एक डबाही वाढत नाही. वेळापत्रक, डबे, लिफ्ट, शेड, दिवे या प्रत्येकाचा निर्णय इथे वेगळ्या ठिकाणी आणि वेगळ्या महिन्यात होतो. तो होण्याआधी तिथे पोचण्याचं काम गावोगावचे रेल यूजर ग्रुप करतात. आपल्याकडच्या प्रवासी संघटनांचेच हे भाऊबंद, फक्त रेल रोको नाही. तो मनातही आणू नका. रुळांवर उतरणं हा गुन्हा आहे, दंड १,००० पौंडांपर्यंत होतो आणि शिक्षा झाली तर ती व्हिसाच्या नि आयएलआरच्या (कायम राहण्याच्या परवानगीच्या) अर्जात सांगावी लागते.

आधी कोणाचं काम आहे ते शोधा

रूळ, सिग्नल, पूल आणि बहुतेक स्टेशनं नेटवर्क रेलच्या मालकीची आहेत. अडीच हजारांहून अधिक स्टेशनांपैकी युस्टन, लीड्स, बर्मिंगहॅम न्यू स्ट्रीट अशी वीसेक मोठी स्टेशनं ती स्वतः चालवते. उरलेली जवळजवळ सगळी कुठल्या ना कुठल्या ट्रेन कंपनीकडे चालवायला आहेत. गंमत म्हणजे तुमची रोजची गाडी ज्या कंपनीची, तिच्याकडेच स्टेशन असेल असं नाही. नॅशनल रेल एन्क्वायरीजच्या संकेतस्थळावर प्रत्येक स्टेशनचं पान आहे आणि ते कोण चालवतं हे तिथे दिलेलं असतं. पत्र लिहिण्याआधी ते बघा.

बंद दिवा, मोडकं तिकीट मशीन, चुकीची वेळ दाखवणारा फलक, कचरापेटी ही कामं स्टेशन चालवणाऱ्या कंपनीची. रुळांकडेची वाढलेली झाडं, लेव्हल क्रॉसिंग, गळका पूल ही नेटवर्क रेलची. स्टेशनबाहेरचा बसथांबा आणि रस्त्यावरचा अंधार स्थानिक कौन्सिलकडे. एलिझाबेथ लाइन आणि लंडन ओव्हरग्राउंड टीएफएलच्या (ट्रान्सपोर्ट फॉर लंडनच्या) अखत्यारीत येतात, तर स्कॉटरेल आणि ट्रान्सपोर्ट फॉर वेल्स तिथल्या सरकारांच्या. चुकीच्या दारावर टाकलेलं पत्र पुढे पाठवलं जातं म्हणतात, पण त्यात महिना सहज जातो.

आणखी एक गोष्ट लक्षात असू द्या. ट्रेन कंपन्या एकेक करून सरकारी मालकीत जात आहेत. नॉर्दर्न २०२० मध्ये गेली, साउथईस्टर्न २०२१ मध्ये, आणि २०२४ च्या कायद्यानंतर साउथ वेस्टर्न रेल्वे, सी-टू-सी, ग्रेटर अँग्लिया २०२५ मध्ये. गाडीवरचं नाव तेच राहतं, पण सरकारी कंपनीला आणि नेटवर्क रेललाही माहिती अधिकाराचा कायदा लागू होतो. ईमेलवर साधा प्रश्न विचारा, शुल्क सहसा नसतं, उत्तराची मुदत २० कामाचे दिवस. 'आमच्या स्टेशनची लिफ्ट गेल्या वर्षी किती दिवस बंद होती' असा एकच नेमका प्रश्न विचारावा. दहा प्रश्न एकत्र कोंबले की खर्चाची मर्यादा ओलांडते या कारणाने नकार येऊ शकतो.

डिले रिपे म्हणजे तक्रार नव्हे

इथे बहुतेकांची गफलत होते. गाडी लेट झाली की २८ दिवसांच्या आत डिले रिपेचा, म्हणजे उशिराच्या भरपाईचा, दावा करायचा. एकेरी तिकिटावर बहुतेक कंपन्या १५ ते २९ मिनिटांना २५ टक्के, ३० ते ५९ मिनिटांना ५० टक्के आणि तासाभराच्या वर पूर्ण पैसे देतात. काही कंपन्यांकडे सुरुवातच ३० मिनिटांपासून होते. मोजायचा तो तुम्ही पोचायला झालेला उशीर. १० मिनिटांच्या उशिराने पुढची गाडी चुकली आणि तुम्ही ४० मिनिटं उशिरा पोचलात, तर दावा ४० मिनिटांचा. आदल्या रात्रीच बदललेलं वेळापत्रक जाहीर झालेलं असेल तर उशीर त्या नव्या वेळापत्रकाशी ताडून बघतात, म्हणून बिघाडाच्या दिवसांत रात्री ॲपचा स्क्रीनशॉट काढून ठेवावा.

पण हा झाला भरपाईचा दावा. तक्रारींच्या आकडेवारीत तो धरला जात नाही. सेवेबद्दल म्हणणं नोंदवायचं तर वेगळी तक्रार लिहावी लागते. कंपन्यांनी ९५ टक्के तक्रारींना २० कामाच्या दिवसांत उत्तर द्यावं अशी नियामकाची अपेक्षा आहे. उत्तर पटलं नाही तर रेल ओम्बुड्समनकडे, म्हणजे तक्रारींचा निवाडा करणाऱ्या त्रयस्थाकडे, जाता येतं, तेही फुकट. मात्र ओम्बुड्समन तुमच्यापुरता निवाडा देतो. ७:४२ च्या गाडीला चार डबे का आणि आठ का नाहीत, हा प्रश्न त्याच्या कक्षेत बसत नाही. तो प्रवाशांची बाजू मांडणाऱ्या संस्थांचा, म्हणजे ट्रान्सपोर्ट फोकसचा, लंडन परिसरात लंडन ट्रॅव्हलवॉचचा, आणि त्याहूनही जास्त तुमच्या रेल यूजर ग्रुपचा.

वेळापत्रक: तारीख चुकली की वर्ष गेलं

वेळापत्रक वर्षातून दोनदा बदलतं, मेच्या मध्यावर आणि डिसेंबरच्या मध्यावर. नवीन वेळापत्रक स्टेशनवर लागलं की लोक जागे होतात आणि सह्या गोळा करतात. तोवर फार उशीर झालेला असतो. कंपन्यांना आपली मागणी नेटवर्क रेलकडे सुमारे ४० आठवडे आधी द्यावी लागते, म्हणजे डिसेंबरसाठी मार्चच्या सुरुवातीला आणि मेसाठी आदल्या ऑगस्टमध्ये. कंपनीच्या नियोजन विभागात चर्चा त्याच्याही काही महिने आधी सुरू होते. म्हणून पुढच्या डिसेंबरमध्ये बदल हवा असेल तर ग्रुपचं पत्र या वर्षीच्या शरद ऋतूत गेलेलं बरं. घाईघाईने केलेल्या वेळापत्रकाने काय होतं हे मे २०१८ मध्ये नॉर्दर्न आणि जीटीआर (गोव्हिया थेम्सलिंक रेल्वे) या दोन्ही कंपन्यांच्या प्रवाशांनी भोगलं आहे. त्यामुळे ऐन वेळच्या बदलाला कोणी सहसा हात लावत नाही.

'जास्त गाड्या सोडा' ही मागणी जवळपास नेहमी पडते. एकेरी मार्ग, गाडी उलटी फिरवायला मोकळा प्लॅटफॉर्म नसणं, चालक कमी, डबे कमी, यातलं एखादं कारण हजर असतंच. जास्तीचा एक थांबा मागितला तरी ब्रेक लावणं, उभं राहणं आणि पुन्हा वेग घेणं धरून दोन-तीन मिनिटं जातात, आणि पुढच्या जंक्शनवरची त्या गाडीची जागा दुसऱ्या गाडीला मिळते. म्हणून छोटं मागा: शेवटची गाडी वीस मिनिटं उशिरा सोडणं, शाळा सुटायच्या वेळी डबे वाढवणं, बस पाच मिनिटं पुढे ढकलून गाडीशी जुळवणं. बस जुळवण्यासाठी तर रेल्वेला विचारावंही लागत नाही. ते काम कौन्सिल आणि बस कंपनीकडे होतं आणि सगळ्यात लवकर होतं.

आकडे कसे गोळा करायचे

गर्दी मोजायची तर मंगळवार ते गुरुवार. सोमवारी आणि शुक्रवारी बरेच लोक घरून काम करतात, त्यामुळे ते आकडे कमी येतात आणि कंपनी तेच दाखवते. शाळांची हाफ टर्म (सत्राच्या मधली सुट्टी) आणि बँक हॉलिडे असलेले आठवडे सोडून द्या. प्रत्येक गाडीसाठी चार गोष्टी लिहा: ठरलेली वेळ, प्रत्यक्ष वेळ, किती डबे आले, किती जण उभे होते. गेल्या काही दिवसांत गाडी खरोखर किती वाजता आली हे रिअलटाइम ट्रेन्स या संकेतस्थळावर मिनिटागणिक सापडतं. उभे प्रवासी मात्र डोळ्यांनीच मोजावे लागतात. चार आठवड्यांची नोंद पुरेशी होते.

कंपनी 'वक्तशीरपणा' सांगते तेव्हा कुठला, ते विचारा. 'ऑन टाइम' म्हणजे ५९ सेकंदांच्या आत, 'टाइम टू थ्री' म्हणजे तीन मिनिटांच्या आत. दोन्हींत गाड्यांचे थांबे मोजले जातात, माणसं नाहीत. सकाळची खचाखच भरलेली गाडी आणि दुपारची रिकामी गाडी यांना सारखंच वजन. उशीर भरून काढायला गाडी लहान स्टेशनं गाळून पुढे जाते तेव्हा त्याची नोंद वेगळी ठेवा. मोठ्या स्टेशनवर ती वेळेत पोचलेली दिसते आणि तुम्ही प्लॅटफॉर्मवरच उभे असता.

नियामक ओआरआर दरवर्षी प्रत्येक स्टेशनच्या वापराचे अंदाज प्रसिद्ध करतो. ते तिकीटविक्रीवरून काढलेले असल्यामुळे झोनचे पास जिथे जास्त चालतात तिथे जपून वापरावेत.

सह्या की पत्रं?

जुलै २०२३ मध्ये इंग्लंडमधल्या बहुतेक तिकीट खिडक्या बंद करण्याचे प्रस्ताव आले. ट्रान्सपोर्ट फोकस आणि लंडन ट्रॅव्हलवॉचकडे साडेसात लाखांच्या आसपास प्रतिसाद गेले, दोन्ही संस्थांनी प्रस्तावांना हरकत घेतली आणि ३१ ऑक्टोबरला सरकारने ते मागे घ्यायला लावले. यूजर ग्रुप आणि अपंगांच्या संघटनांनी लोकांना सामायिक अर्जावर सही न मागता आपापल्या स्टेशनाबद्दल लिहायला सांगितलं होतं: इथलं मशीन कुठलं तिकीट देत नाही, इथे व्हीलचेअरचा रॅम्प कोण लावतं. असा तपशील बाजूला सारणं अवघड जातं. ऐंशीच्या दशकात सेटल-कार्लाइल मार्ग वाचवताना तर एका कुत्र्याच्या पंजाचा ठसाही हरकतींमध्ये गेला होता. गार्सडेल स्टेशनवर त्याचा पुतळा आहे.

चिकाटीचं फळ बघायचं तर नॉर्थम्बरलंड. तिथला यूजर ग्रुप वर्षानुवर्षं मागे लागला होता. अॅशिंग्टन ते न्यूकॅसल प्रवासी गाडी १५ डिसेंबर २०२४ ला पुन्हा धावली, १९६४ नंतर प्रथमच.

परदेशी नागरिक म्हणून तुम्हाला काय करता येतं

जवळपास सगळंच. भारतीय नागरिक राष्ट्रकुलातले असल्यामुळे वैध व्हिसावर इथे राहणाऱ्याला मतदार यादीत नाव घालता येतं, संसदेच्या निवडणुकीसाठीसुद्धा. संसदेच्या संकेतस्थळावरच्या अर्जावर सही करायला यूकेचे रहिवासी असणं पुरतं. १०,००० सह्यांना सरकारचं उत्तर मिळतं, १,००,००० ला चर्चेचा विचार होतो. खासदाराला लिहिताना पत्त्यासह पोस्टकोड द्या, नाहीतर उत्तर येणार नाही. ते फक्त आपल्या मतदारसंघातल्यांना उत्तर देतात.

स्टेशन दत्तक घेणाऱ्या मंडळांत फुलझाडं लावणं, भिंत रंगवणं अशी कामं असतात. सुरक्षेची माहिती घेतल्याशिवाय हात लावू नका, कंपनी देईल तेच जॅकेट घाला, पिवळ्या रेषेच्या मागेच, रुळांपासून लांब राहा. लाल-हिरवे कपडे टाळा, चालकाला सिग्नलचा भास होऊ शकतो. स्किल्ड वर्कर व्हिसावर बिनपगारी स्वयंसेवा चालते. विद्यार्थ्यांनी मात्र आधी विद्यापीठाच्या इंटरनॅशनल ऑफिसला विचारावं, कारण काही प्रकारचं बिनपगारी कामही तासांच्या मर्यादेत धरलं जातं.

यूजर ग्रुपची वर्गणी सहसा वर्षाला काही पौंडच असते. पहिल्या सभेला जाताना आपला मुद्दा आठवडाभर आधी सेक्रेटरीला ईमेल करा. तो विषयपत्रिकेत येईल. ऐन सभेत उठून मांडलेला विषय 'एनी अदर बिझनेस'मध्ये, म्हणजे आयत्या वेळच्या विषयांत, शेवटी ढकलला जातो, आणि तोवर कंपनीचा माणूस घरी जायची गाडी पकडायला उठलेला असतो.