किचनमध्ये सागवानी कपाटं असतील तर भिंतीला कुठला रंग?

आमच्या बेळगाव-खानापूर पट्ट्यात जुन्या घरांत सागवानी कपाटं बऱ्याच जणांकडं असतात, आणि पेंट घेताना लोक हमखास क्रीम नाहीतर बदामी उचलतात. तिथंच घोळ होतो बगा, कारण सागवानात मुळातच पिवळसर झाक असते, त्यात पिवळट भिंत आली की लाकूड उठूनच दिसत नाही, सगळं किचन चहा सांडल्यासारखं दिसतंय. त्यापेक्षा फिकट राखाडी-हिरवा घ्या, नाहीतर जरा उबदार ऑफ-व्हाइट. शिसमासारखं गडद लाकूड असेल तर भिंत फिकटच ठेवा, खिडकी लहान असेल तर नक्कीच.

शेड कार्डावरून ठरवू नका हं! सॅम्पल आणून कपाटाच्या अगदी शेजारी दोन बाय दोन फुटाचा पट्टा मारा, दोन हात, आणि वाळल्यावर सकाळी बघा, मग रात्री लाइट लावून बघा. ३००० केल्विनचा (केल्विन म्हणजे उजेडाच्या रंगाचं माप) पिवळा बल्ब असेल तर तोच रंग पिवळसर दिसतो, ६५०० च्या पांढऱ्या ट्यूबखाली निळसर, लाकूडपण फिकं पडतं.

फिनिश सॅटिनच घ्या, म्हणजे हलकी चमक असलेलं, फोडणीचे डाग ओल्या फडक्यानं निघतात. आणि खानापूरकडच्या पावसात भिंत ओली असताना रंगाला हात लावू नका, पोपडे येतात.