मुंबई ते न्यूयॉर्क: अंतर किती, विमानात तास किती

मी शाळेत भूगोल शिकवायचे. मुलं न्यू जर्सीला असलेली ओळखीची मंडळी पहिल्यांदा तिकडे निघाली की तिकीट घेऊन माझ्याकडे येतात. "रात्री दीडला निघून सकाळी साडेसातला पोचतो, म्हणजे सहाच तास ना?"

नाही. सुटायची वेळ मुंबईची असते, पोचायची न्यूयॉर्कची. हिवाळ्यात न्यूयॉर्क आपल्यापेक्षा साडेदहा तास मागे असतं. सहात साडेदहा मिळवा, झाले साडेसोळा तास. परतताना हेच वजा करायचे: दुपारी बाराला सुटून दुसऱ्या दिवशी साडेबाराला मुंबई, म्हणजे साडेचोवीस वजा साडेदहा, चौदा तास. मार्चच्या दुसऱ्या रविवारपासून नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारपर्यंत मात्र फरक साडेनऊचाच धरा, कारण तिकडे घड्याळं तासभर पुढे करतात. आणि 12 तारखेचं रात्री दीडचं विमान म्हणजे 11 च्या रात्रीच घरातून निघायचं, हे कॅलेंडरवर लिहून ठेवा.

अंतर घरी मोजता येतं. भिंतीवरचा सपाट नकाशा नको, पृथ्वीगोलच घ्या. मुंबईवर दोऱ्याचं एक टोक धरून दुसरं न्यूयॉर्कपर्यंत ताणा. दोरा सरळ पश्चिमेला जात नाही! अफगाणिस्तान, कझाकस्तान, रशिया, स्वीडन, आइसलँड असा उत्तरेकडून वळसा घेतो, आणि गोलावर तोच सर्वांत जवळचा रस्ता. मुलांना हे दाखवताना मला दरवेळी तितकाच आनंद व्हायचा. 30 सेंटिमीटर व्यासाच्या गोलावर दोरा साधारण साडेएकोणतीस सेंटिमीटर भरतो आणि विषुववृत्ताचा घेर 94. पृथ्वीचा खरा घेर सुमारे 40,000 किलोमीटर, म्हणून साडेएकोणतीसला 40,000 ने गुणून 94 ने भागा, सुमारे साडेबारा हजार किलोमीटर येतात.

विमानाचा वेग ताशी 900 धरला तर चौदा तास. मग जाताना जास्त का लागतात? दहा-बारा किलोमीटर उंचीवर पश्चिमेकडून पूर्वेकडे जोराचे वारे वाहतात, त्यांना जेट प्रवाह म्हणतात. जाताना ते समोरून येतात, परतताना पाठीशी असतात. हिवाळ्यात त्यांचा जोर वाढतो. शिवाय दोऱ्याचा रस्ता प्रत्येक विमानाला मोकळा नसतो. एप्रिल 2025 मध्ये पाकिस्तानने भारतीय कंपन्यांच्या विमानांना आपली हवाई हद्द बंद केली, तेव्हा त्यांना अरबी समुद्रावरून वळून जावं लागलं. म्हणून दोऱ्याच्या हिशेबात तास-दोन तास वर धरावेत.

हे सगळं मी आग्रहाने सांगते ते औषधांसाठी. बारा तासांनी घ्यायची गोळी खऱ्या तासांवर चालते, दोन शहरांच्या घड्याळांवर नाही. इन्सुलिन घेणाऱ्यांनी तर निघण्याआधी डॉक्टरांना तिकीट दाखवून प्रवासातल्या वेळा लिहून घ्याव्यात. तो कागद आणि औषधं हातातल्या पिशवीत ठेवा, मोठ्या बॅगेत नको.