गवताचा मुरघास: एन्झाइम कधी घालावे, कसे घालावे

मुरघास म्हणजे हवाबंद खड्ड्यात आंबवून टिकवलेला हिरवा चारा. मक्याच्या मुरघासाला एन्झाइमची फारशी गरज पडत नाही, कारण मक्यात साखर मुळातच पुरेशी असते. अडचण गवताची आहे. गवतातली साखर खाऊन जिवाणू लॅक्टिक आम्ल तयार करतात आणि त्या आम्लावर चारा टिकतो. ओल्या गवताच्या वजनात साखर साधारण 3 टक्क्यांच्या खाली गेली की आम्ल कमी पडते, क्लॉस्ट्रिडियम जिवाणू माजतात आणि खड्डा उघडल्यावर कुबट वास येतो. नेपियर, गिनी अशा जाड काडीच्या गवतांत हे नेहमीचेच.

सेल्युलेज आणि हेमिसेल्युलेज ही एन्झाइमे पेशीभित्तीतले तंतू तोडून साखर मोकळी करतात. आम्ल मात्र ती बनवत नाहीत, ते काम जिवाणूंचेच. म्हणून नुसत्या एन्झाइमपेक्षा लॅक्टिक जिवाणूंचे कल्चर सोबत असलेले मिश्रण घ्यावे. दिलेल्या मात्रेत एक ग्रॅम चाऱ्यामागे निदान 1 लाख जिवंत जिवाणू पडतात का, हे पाकिटावर पाहा.

कापणी आणि ओल

गवत फुलोऱ्यात येण्याच्या सुमारास कापा. जून काडीतल्या लिग्निनपुढे (काडी टणक करणाऱ्या घटकापुढे) ही एन्झाइमे हात टेकतात. कापणी दुपारनंतर केली तर दिवसभर साठलेली साखर पदरात पडते.

ताज्या गवतात बहुधा 80 टक्के पाणी असते, ते 70 टक्क्यांवर आणायचे. त्यासाठी यंत्र लागत नाही. 10 किलोची एक पेंढी वजन करून इतर गवतासोबतच सुकत ठेवा. ती 6.7 किलोच्या आसपास आली की काम झाले. एका दिवसापेक्षा जास्त वाळवू नका, कारण कापलेले गवतही श्वसन करते आणि त्यात साखरच जळते. उलट गवत फार ओले राहिले तर एन्झाइममुळे पेशी फुटून खड्ड्यातून गळणारा रस आणखी वाढतो. हा रस विहिरीत किंवा ओढ्यात जाऊ देऊ नका. फार कोरड्या चाऱ्यात मात्र एन्झाइम जवळपास निष्क्रिय असते.

मिसळणे

कुट्टी, म्हणजे चाऱ्याचे तुकडे, 2 ते 3 सेंमी ठेवा. द्रावण त्याच दिवशी बनवा, क्लोरीन नसलेल्या साध्या पाण्यात. गरम पाणी तर नकोच, एन्झाइम हे प्रथिन आहे, उष्णतेने ते निकामी होते. मात्रा पाकिटावरचीच घ्या, अंदाजाने वाढवू नका.

फवारणीचा हिशोब आधी करा. कुट्टी यंत्र तासाला 5 टन चारा काढत असेल आणि टनाला 2 लिटर द्रावण द्यायचे असेल, तर पंपातून तासाला 10 लिटरच जायला हवेत. फवारा यंत्रातून पडणाऱ्या कुट्टीवर धरणे सर्वांत बरे. भरलेल्या खड्ड्यावर वरून ओतलेले द्रावण खाली समान पोचत नाही, अशाने पैसे फुकट जातात.

थर 15 सेंमीचे लावा, प्रत्येक थर दाबा आणि त्याच दिवशी झाकून टाका. हवा आत राहिली तर कोणतेही एन्झाइम ती चूक भरून काढत नाही.

एक गोष्ट विक्रेते सहसा सांगत नाहीत. सेल्युलेज चांगले चालते ते सामू (pH) 4 ते 5 च्या दरम्यान, आणि ताज्या गवताचा सामू असतो 6 च्या आसपास. म्हणजे साखरेची निकड पहिल्या दोन-तीन दिवसांत असते, तेव्हाच एन्झाइम सावकाश काम करते. साखर अगदीच कमी असलेल्या गवतात मी आधी वजनाच्या 2 ते 4 टक्के मळी (मोलॅसिस) घालीन, एन्झाइम त्यानंतर.

उघडल्यावर

सहा आठवडे तरी थांबा. सामू पट्टीवर 4.2 किंवा त्याखाली, रंग हिरवट पिवळा आणि वास आंबूस असेल तर चारा नीट मुरला. शक्य असेल तर त्याच गवताची एक पिशवी एन्झाइमशिवाय भरून ठेवा, फरक पडला की नाही ते त्यावरूनच कळेल.

एन्झाइमने मोकळी झालेली सगळी साखर वापरली जातेच असे नाही. उरलेल्या साखरेवर हवा लागताच यीस्ट वाढते आणि मुरघास गरम होतो. त्यामुळे उघडलेल्या तोंडाचा संपूर्ण थर रोज काढा, उन्हाळ्यात निदान 20 ते 30 सेंमी. काढून झाल्यावर झाकणाचा प्लास्टिक कागद पुन्हा घट्ट ओढून घ्या.