दोन संध्याकाळींत लोकरीची कानपट्टी

डिसेंबरात निफाडकडे सकाळी बाईक काढायची म्हणजे कान अक्षरशः ठणकतात, आणि माकडटोपी घातली की घरचेच हसतात. मग कानपट्टी विणा, हेडबँड म्हणा हवं तर. स्वेटरसारखं काम महिनोन्महिने पिशवीत पडून राहत नाही, आणि फक्त सुलट टाका येत असला तरी पुरतं.

साधी स्वेटरची चार पदरी लोकर घ्या, 50 ग्रॅमचे दोन गुंडे. दोन्ही गुंड्यांचे धागे एकत्र धरून विणायचं, म्हणजे पट्टी जाड होते आणि कामही झपझप पुढे सरकतं. सुया 5 नंबरच्या, म्हणजे साडेपाच मिमीच्या. इथे एक गंमत आहे बघा, आपल्याकडे सुयांना जुने ब्रिटिश नंबर चालतात, त्यात नंबर जितका मोठा तितकी सुई बारीक, आणि अमेरिकन व्हिडिओत नेमकं उलटं. त्यांची 8 नंबर 5 मिमीची, आपली 8 नंबर 4 मिमीची. मी व्हिडिओ बघून सरळ आपली 8 नंबर घेतली आणि पट्टी झाली पुठ्ठ्यासारखी, शेवटी उसवली. म्हणून नंबर सोडा, मिमी बघा.

आता 16 टाके घाला, जरा सैलच, आणि सुरुवातीचं टोक वीतभर लांब ठेवा. मग प्रत्येक ओळ सुलट. उजवी सुई टाक्यात पुढून मागे घालायची, लोकरीचा वेढा द्यायचा, तो वेढा ओढून बाहेर काढायचा आणि जुना टाका डाव्या सुईवरून सोडून द्यायचा, बास. ओळीचा पहिला टाका मात्र न विणता नुसता उचलून घ्या, कड नीट येते. दर चार-पाच ओळींनी टाके मोजा, कारण दोन धाग्यांतला एकच उचलला की 16 चे 17 कधी होतात कळत नाही.

मध्ये उलट टाके घालून बॉर्डर, म्हणजे स्वेटरच्या काठाला असते तशी वीण, का नाही करायची असं कुणी विचारेल. तर बॉर्डर आडवी ताणते, आणि आपली पट्टी लांबीत ताणली पाहिजे ना! सगळे सुलट विणलेलं कापड लांबीत मस्त ताणतं, म्हणूनच ते डोक्याला घट्ट बसतं.

किती विणायचं? ओळी मोजत बसू नका. टेपने डोक्याचा घेर मोजा, कानांवरून, आणि त्यातून 5 ते 6 सेंमी कमी करा. डोकं 55 असेल तर 49-50 सेंमी. विणताना अधूनमधून थोडं ताणून डोक्याला लावून बघा, सैल झाली तर ती कानांवर न राहता गळ्यात येते. लहान मुलांना 12-13 टाके बास.

टाके बंद करताना हात सैल ठेवा आणि शिवायला हातभर लोकर राखून तोडा. आता गाठीसारखा पीळ हवा असेल तर पट्टीची जी बाजू बाहेर दिसायला हवी ती आत येईल अशी दुमडून दोन्ही टोकं समोरासमोर आणा, प्रत्येक टोक उभं अर्धं दुमडा, आणि एका टोकाचा अर्धा भाग दुसऱ्याच्या घडीत सरकवा. चार थर होतील, त्या चारांतून जाड सुईने शिवा आणि उलटवा, पीळ समोर आपोआप दिसतो. पहिल्यांदा डोकं चक्रावतं, आधी कागदाच्या पट्टीवर करून बघा.

हेल्मेटखाली घालणार असाल तर पिळाच्या भानगडीत पडू नका, तो थरांचा गड्डा कपाळाला टोचतो. टोकाला टोक लावून साधं शिवा. आणि लोकर ॲक्रिलिक असेल तर धुतल्यावर इस्त्री अजिबात लावू नका, एकदा चपटी झाली की परत फुगत नाही.